वाचनवेळ

नऊ सेकंद. पडद्यावर तिच्या लेखाखाली एक हिरवी पट्टी उघडली होती आणि त्या पट्टीत भाषेच्या बाईंच्या नावापुढे एवढंच होतं. अक्षरं इतकी सुबक, इतकी गोंडस होती की आधी तिला वाटलं हे काहीतरी कौतुकाचंच असणार. शाळेच्या ब्लॉगवर आलेल्या नव्या सोयी दाखवायला कंपनीचा माणूस आला होता. हातात लाल उजेडाची कांडी, शर्टाच्या खिशावर हसरी पेन्सिल, आणि तोंडाला कायमची बसलेली गोडी, जणू सकाळीच कोणीतरी पाकात बुडवून पाठवलंय. त्यानं विचारलं होतं, उदाहरणादाखल तुमच्या वर्गातला एखादा गाजलेला लेख घेऊ या का? सगळ्या वर्गानं तिच्याकडे बोट दाखवलं होतं आणि तिनं, आठवलं की आता कानशिलं तापतात, कॉलर सारखी केली होती. मग त्यानं तो लेख उघडला आणि कांडीचा लाल ठिपका नाचवत सांगितलं की आजपासून लेखकाला कळणार, कोणता वाचक किती वेळ थांबला, अगदी जुन्या लेखांचंसुद्धा. पट्टी उघडली. आणि पट्टीच्या बरोब्बर वर, गेल्या सत्रापासून जिथे होती तिथेच, बाईंची प्रतिक्रिया होती: ‘शेवटच्या ओळीनंतर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.’

वर्गाला समजायला क्षणभर लागला. मग मागच्या बाकावरून चिमटा म्हणाली, “बाई बसल्या, रडल्या, उठल्या पण. नऊ सेकंदांत.” चिमटा (नाव वर्गानं ठेवलेलं) तिची मैत्रीण होती, म्हणजे अजून होती. हसू पसरलं, फार मोठं नाही, तोंडावर हात ठेवून हसतात तेवढंच, आणि तेच जास्त झोंबतं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि पडद्याच्या दोरीला पडलेली गाठ सोडवत होत्या. ती गाठ त्यांनी इतक्या मन लावून सोडवली की तिला वाटलं, एवढं लक्ष माझ्या लेखाला दिलं असतं तर. पेन्सिलवाल्याला काहीच कळलं नव्हतं. तो पुढे निघाला होता. आता प्रतिक्रिया लिहायचे कष्ट नकोत, चेहरे चिकटवा: हसरा, ओघळता, टाळ्या वाजवणारा. पान आता आपोआप वर सरकत राहील, बोटाला त्रास नाही. आणि ही माझी सगळ्यात आवडती सोय बरं का मुलांनो, असं म्हणून त्यानं एक गुलाबी बटण दाबलं, ‘आनंदी शेवट सुचवा’, आणि तिच्या लेखाच्या तळाशी, तिच्याच अक्षरांच्या वळणात, एक नवं वाक्य उगवलं: ‘अशा प्रकारे तो दिवस आम्हा सर्वांसाठी अविस्मरणीय ठरला.’ वर्गानं टाळ्या वाजवल्या. खऱ्या.

या माणसानं आयुष्यात काही वाचलं असेल का, असा विचार करत ती त्याच्याकडे बघत राहिली. वाचलं असेल तर औषधाच्या बाटलीवरचं. अशा माणसाच्या घरी पुस्तकं असतील तर ती डळमळत्या टेबलाच्या पायाखाली असतील, आणि टेबलही ह्याच्यासारखंच हसत असेल. तिरस्काराला एकदा वाट मिळाली की तिचं डोकं फार छान चालायचं. एकेक वाक्य तयार होऊनच बाहेर यायचं. पण आज त्या वाक्यांखाली जमीन नव्हती. कारण तिरस्कार करायची ऐपत तिला आली होती तीच मुळी त्या प्रतिक्रियेमुळे. गेल्या सत्राआधीची ती म्हणजे भिंतीला घासून चालणारी मुलगी. कॉरिडॉरमध्ये समोरून कोणी आलं की दप्तर पोटाशी धरून वाट द्यायची. उत्तर येत असलं तरी आधी दुसऱ्या कोणाचा हात वर गेलाय का बघायची. आणि मग एका दुपारी, आई दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते तिथल्या बाकावर, तोंडाला रुमाल लावून बसलेल्या दोन माणसांच्या मधे, तिनं आईच्या मोबाइलवर ते वाक्य वाचलं. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. एक मोठं माणूस, पगार घेणारं, चष्मा लावणारं, केवळ तिच्या एका ओळीमुळे जागचं हललं नव्हतं. आतून ड्रिलचा आवाज येत होता, आणि तिला तो टाळ्यांसारखा वाटला होता.

त्यानंतर ती कॉरिडॉरच्या मधून चालायला लागली. केस कापून घेतले. जेवताना मामा तोच जुना विनोद सांगायला लागला तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं की मामा, हा आपण मागच्या वेळीही ऐकला आणि तेव्हाही आम्ही जेवतच होतो. मामा हसला, आईनं डोळे वटारले, आणि तिच्या अंगात एक गरम, जाडसर, नवी कोरी मजा पसरली. ज्यांची भीती वाटायची ती माणसं एकेक करून हास्यास्पद निघत होती. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, भाषण करताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाचा उचलतात. वर्गातली हुशार मुलं उत्तर देताना पुस्तकाची पानं उलटल्यासारखी डोळे हलवतात. गणिताचे सर फळ्याशी बोलतात कारण फळा उलट विचारत नाही. हे सगळं आधीही समोर होतं, पण ते बघायचा परवाना तिला त्या एका वाक्यानं दिला होता. आणि आता कळत होतं की परवान्यावर सही करणाऱ्या बाईंनी तो वाचलाच नव्हता. नऊ सेकंदांत काय होतं? नऊ सेकंदांत माणूस बाटलीचं झाकण उघडतो, दोन घोट पितो आणि झाकण शोधतो. त्याच संध्याकाळी घरी तिनं स्वतःचाच लेख उघडून बघितला. नऊ सेकंदांत शीर्षक, पहिला परिच्छेद अर्धा, आणि मग एकदम सपकन खाली उतरलं तर शेवटची ओळ. बस. बाईंनी तिचा लेख वाचला नव्हता, नुसता जिन्यावरून उतरतात तसा उतरला होता.

लेख बाबांवर होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. एका सुट्टीच्या दिवशी ते तिला कामावर घेऊन गेले होते. शेवटच्या मजल्याच्या जिन्यात, मशीनच्या खोलीच्या दाराशी, तिला पिशवी सांभाळायला बसवून स्वतः मजलाभर खाली लिफ्टच्या टपावर उतरले होते. दाराच्या फटीतून त्यांचा आवाज येत राहिला होता: डावीकडे सरकतोय… थांबलो… हात आत घालतोय… हात बाहेर. तिनं लिहिलं होतं की बाबा लिफ्टशी बोलतात, हट्टी लेकराला भरवताना बोलतात तसे. आणि शेवटची ओळ होती, ‘माझे बाबा लोखंडाशी बोलतात आणि लोखंड ऐकतं.’ ही ओळ लिहून झाल्यावर ती स्वतःच खोलीत तीन चकरा मारून आली होती. असं वाक्य माणसाला रोज सुचत नाही. खुद्द बाबांना लेख दाखवला नव्हता. बाबा वाचतात ते मोबाइलवर आलेलं, तेही आवाज मोठा करून, आणि लेख दाखवला असता तर त्यांनी त्यातली एखादी तांत्रिक चूक काढली असती, म्हणून.

पुढच्या काही दिवसांत शाळेला वाचनाचं जे वेड लागलं ते बघण्यासारखं होतं. हिरव्या पट्टीत आपलं नाव मोठ्या वेळासकट झळकावं म्हणून सगळेच एकमेकांची पानं उघडून ठेवायला लागले. चिमट्यानं अंघोळीला जाताना अर्ध्या वर्गाचे निबंध उघडून ठेवले आणि ओल्या केसांनी परत येईपर्यंत ती शाळेतली सर्वांत रसिक वाचक झाली होती. कोणी झोपताना लावून ठेवायचं, कोणी क्रिकेट खेळायला जाताना. एकानं दुसऱ्याला चक्क सांगितलं, तू माझं जेवणभर ठेव, मी तुझं क्लासभर ठेवतो. कोणी वाचत नव्हतं आणि वाचनवेळ वाढत होती. मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर टाचा उचलून सांगितलं की आपल्या शाळेत वाचनसंस्कृती रुजते आहे. ती रांगेत उभी होती आणि तिला इतकं हसू आलं की चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहावं लागलं. यांना फसवायलाही कोणी लागत नाही, हे स्वतःच रांगा लावून फसतात.

पण शिक्षकांच्या खोलीत जे दिसलं त्याचं हसू आलं नाही. मधल्या सुट्टीत तिला खडूंचा डबा आणायला पाठवलं होतं. खोलीत कोणी नव्हतं. सगळे पलीकडे खात बसलेले असणार, डब्यांची झाकणं वाजत होती. भिंतीशी ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर कोणा ना कोणा मुलाचा लेख उघडा, आपोआप वर सरकत, सरकत, संपला की पुन्हा पहिल्यापासून. समोर रिकाम्या खुर्च्या. एका खुर्चीवर गणिताच्या सरांचा स्वेटर बसला होता आणि तो ‘माझा आवडता खेळाडू’ वाचत होता. शेवटच्या खुर्चीच्या पाठीला भाषेच्या बाईंची पर्स लटकत होती, आणि पर्ससमोर तिचे बाबा वर चढत होते. डावीकडे सरकतोय… थांबलो… हात आत घालतोय… ओळी येत होत्या, जात होत्या, कुणाच्या डोळ्यांना न लागता वरच्या कडेत नाहीशा होत होत्या. ती खडूंचा डबा छातीशी धरून उभी राहिली. आपण रस्त्यावर उघड्या पडलो आहोत आणि तरीही कोणी बघत नाहीये, असं काहीतरी. बाईंना लाज वाटली होती तर. वाटली, आणि त्यावर त्यांनी हा इलाज केला होता: पाहुणे येणार म्हणून कचरा पलंगाखाली ढकलतात तसा. बेसिनपाशी नळ बंद झाला आणि डबा पुसत पुसत बाई दारात येताना दिसल्या, तशी ती दुसऱ्या दारानं निघून गेली.

महिना संपला आणि ‘महिन्याचा लेखक’ म्हणून तिचं नाव लागलं. एकूण वाचनवेळेवर ठरतं ते. भाषेच्या बाईंच्या नावापुढे आता तास होते. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की सभागृहात, पालकांसमोर, तो लेख तिनंच वाचायचा. वडील येतील ना? वडिलांवरच आहे म्हणे, किती छान. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. सगळं माहीत असून झाल्या. रिकाम्या खुर्च्यांनी निवडून दिलेलं हे बक्षीस आणि हिच्या पोटात गुदगुल्या! पेन्सिलवाल्याचा, चिमट्याचा, त्या स्वेटरचासुद्धा इतका राग तिला आला नव्हता जितका त्या स्वतःच्या पोटाचा आला. सभागृहात उभं राहायचं, बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि तिला कधीच, कधीच कळणार नाही की ते वाक्य चांगलं होतं की नुसतं शेवटी होतं. मग तर पुन्हा भिंतीला घासून चाललेलं बरं. निदान भिंत खोटं बोलत नाही.

शाळा सुटल्यावर बाई वर्गात एकट्या फळा पुसत होत्या. ती लेखाची छापील पानं घेऊन टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, माझा लेख वाचाल?”

“अगं, वाचला की. प्रतिक्रियाही दिली मी.”

“नऊ सेकंद, बाई.”

बाईंनी डस्टर खाली ठेवलं. बाई आता काय काय सांगतील ते तिनं आधीच ऐकल्यासारखं पाठ केलं होतं: किती मुलं, किती वह्या, घरी सासूबाई आजारी, वरून हे नवीन नवीन काढतात. या प्रत्येकावर तिच्याकडे एकेक धारदार उत्तर होतं. बाईंनी यातलं काहीच म्हटलं नाही. हात झटकले, खुर्ची ओढली, पर्समधून दुसरा चष्मा काढला, आणि म्हणाल्या, “दे. आणि तू बस. डोक्यावर उभी राहू नकोस.”

कोणी आपलं वाचत असताना समोर बसणं किती भयंकर असतं हे तिला माहीतच नव्हतं. आधी ती बाईंच्या अंगठ्याचा तिरस्कार करून बघू लागली, खडूनं पांढरा झालेला, नखाशी चिरलेला, तिच्या परिच्छेदावर आडवा पडलेला. मग ओठांचा, बाई वाचताना ओठ किंचित हलवत होत्या, पहिलीतल्यासारखे. एका ठिकाणी त्या हसल्या, जिथे तिनं हसायची काहीच सोय केली नव्हती. जिथे केली होती तिथून सरळ पुढे गेल्या. शेवटचं पान आलं, शेवटची ओळ आली, आणि बाई थांबल्या नाहीत. पान उलटून पुन्हा मागे गेल्या. बाहेर शिपाईमामा एकेक खिडकी लावत येत होते.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “बाबा खाली एकटेच होते ना?”

“हो.”

“मग ते बोलत कोणाशी होते?”

“लिफ्टशी. लिहिलंय ना मी.”

“लिहिलंयस. पण मला ते खरं वाटलं नाही.” बाईंनी पानं नीट जुळवून तिच्यासमोर ठेवली. “लाडानं बोलणारा माणूस ‘हात बाहेर’ असं नाही म्हणत. बाकी तुझी वाक्यं चांगली आहेत. तुला ते माहीत आहे, म्हणून ती जरा जास्तच चांगली आहेत.” आणि मग, चष्म्याची घडी घालताना, वर न बघता: “ती प्रतिक्रिया मी काढून टाकते. तशी मी बऱ्याच जणांना लिहिली होती.”

घरी येईपर्यंत ती रस्ताभर बाईंना उत्तरं देत होती. स्वतः नऊ सेकंद वाचणारी बाई मला खरं-खोटं शिकवणार. लाडाबद्दल तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर पर्सला वाचायला बसवता. सिग्नलला थांबलेल्या सायकलवाल्यानं तिच्याकडे वळून बघितलं, म्हणजे ती मोठ्यानं बोलत असावी. पण प्रत्येक उत्तराच्या तळाशी तो प्रश्न तसाच होता, दातात अडकलेल्या दोऱ्यासारखा. कोणाशी? तिनं तो आवाज ऐकला होता. जिन्यात बसून, पिशवीवर हनुवटी टेकवून, तासभर ऐकला होता, आणि तेवढा वेळ ती त्याला शोभेल असं काहीतरी जुळवत होती. ऐकत नव्हतीच. उतरत होती. तिचा तिलाच एकदम इतका कंटाळा आला की ती दुकानाच्या काचेत स्वतःचे कापलेले केस न बघता पुढे गेली.

बाबा मोरीत कपड्यांच्या साबणाची पूड हातावर चोळत होते. ग्रीस त्याशिवाय जात नाही. तिनं दारातूनच विचारलं की बाबा, तुम्ही लिफ्टशी बोलता का?

“लिफ्टशी? मला काय वेड लागलंय का, शहाणे?” ते तिला शहाणे म्हणतात, आणि गेल्या सत्रापासून जरा जास्तच म्हणतात.

मग त्या दिवशी काय बोलत होता, हे विचारल्यावर त्यांना आधी आठवेचना. आठवलं तेव्हा ते थोडे ओशाळले, कोणी झोपेत घोरताना पकडल्यासारखे. ती कामाची पद्धत, ते म्हणाले. एक माणूस टपावर, एक वर मशीनपाशी. खालच्यानं काय करतोय ते प्रत्येक वेळी सांगायचं, वरच्यानं ‘ठीक’ म्हणायचं. ‘ठीक’ आल्याशिवाय खालच्यानं बोटसुद्धा हलवायचं नाही. आता वर कोण असतं, तिनं विचारलं. कोणी नाही. दोन माणसांचा पगार परवडत नाही म्हणून लिफ्टच्या कंपनीनं वरचा केव्हाच काढला; बाबा स्वतःच वर जाऊन स्विच बंद करतात, कुलूप घालतात, चावी खिशात टाकतात आणि खाली उतरतात.

“मग बोलता कशाला?”

“सवय.” त्यांनी नळ सोडला. “तोंड बंद ठेवलं की हात चुकतो माझा.” नळाच्या आवाजात पुढचं त्यांनी जवळजवळ नळालाच सांगितलं. “त्या दिवशी तुला नेलं होतं ना, बरं वाटलं. वर कोणीतरी होतं.”

“पण मी काहीच म्हटलं नाही, बाबा.”

“तू कशाला म्हणशील? तुला काय माहीत? टॉवेल दे.”

तिनं टॉवेल दिला. घरात कोणी नाही म्हणून मला नेलं, असं ती समजत आली होती. लेखातही तसंच लिहिलं होतं, वर एक विनोद करून. आता तिथे उभं राहून तिनं कोणाचा तरी तिरस्कार करायचा प्रयत्न केला, कंपनीचा, त्या काढून टाकलेल्या माणसाचा, बाबांच्या त्या ओशाळ्या हसण्याचा, पण कोणावरच तो बसेना. घसरून परत तिच्याकडेच येई. बाबा हात पुसून टीव्ही लावायला गेले. विषय त्यांच्यापुरता संपला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं ब्लॉगवरून लेख काढून घेतला. त्यासाठीचं बटण जुनंच होतं, करडं, एका कोपऱ्यात. पेन्सिलवाल्याच्या कंपनीला त्यात काही नवीन करावंसं वाटलं नव्हतं. मोठ्या बाई फार चिडल्या. बक्षीस चिमट्याला गेलं. चिमट्यानं सभागृहात ‘माझी मांजर’ वाचला, गुलाबी बटणानं सुचवलेल्या शेवटासकट, आणि तो दिवस मांजरीसकट सर्वांसाठी अविस्मरणीय ठरला. टाळ्या पडत होत्या तेव्हा भाषेच्या बाई रांगेच्या टोकाला बसून वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली, मागच्या रांगेत बसलेल्या तिच्याकडे बघितलं, आणि तिनं बाईंकडे. दोघीही हसल्या नाहीत.

सुट्टीच्या दिवशी बाबा निघाले तेव्हा ती आधीच चपला घालून दारात उभी होती. कुठे, असं त्यांनी विचारलं. येतेय, असं ती म्हणाली. इमारत दुसरीच होती, जिना जास्त अरुंद, आणि प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. बाबांनी वर जाऊन स्विच बंद केला, कुलूप घातलं, आणि खाली उतरण्याआधी तिच्याकडे एकदा नुसतं बघितलं. ती पायरीवर बसली. वही आणली नव्हती. दाराच्या फटीतून थंड, तेलकट वारा येत होता. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली, मग आवाज आला, तसाच सपाट, कोणालाही उद्देशून नसलेला:

“उजवीकडे सरकतोय.”

एक शब्द म्हणायचा होता फक्त. तिला इतक्या शब्दांची सवय होती, आणि हा एक तिनं हळूच, चाचपून काढला. “ठीक,” ती म्हणाली.

खाली काहीच हललं नाही. पान्याचा आवाज नाही, बुटाचा नाही, काही नाही. ती फटीकडे वाकली. मग खालून, कामावरच्या माणसाला सांगतात तशा करड्या सुरात बाबा म्हणाले, “मोठ्यानं बोल. मी थांबलोय.”